मेलेल्याची सही आणि नर्स पिनॉक

नाताळच्या दिवसांतलं गार नाताळवारं सुटलं होतं. रात्रभर डोंगरावर धिंगाणा घालून त्यानं केळीच्या पानांच्या पार चिंध्या केल्या होत्या, आणि सकाळी बिटरवुडच्या दवाखान्याचं फाटक उघडताना डेलोरीन पिनॉकच्या बोटांना कुलपाचं लोखंड चावलं. दरीत धुकं तुंबून राहिलं होतं. वरच्या वळणावरची टॅक्सी दिसत नव्हती, नुसता तिचा भोंगा रडत रडत खाली येत होता.

डेलोरीननं खिडक्या उघडल्या, रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा झटकला, तान्ह्या पोरांना तोलायचा काटा व्हरांड्याच्या तुळईला अडकवला. काट्याच्या झोळीत रात्री एक पाल येऊन निजली होती. तिला शेपटीला धरून डेलोरीननं कुंपणापलीकडं भिरकावलं. फरशी पुसणारी मिस व्हाय बादली तिथंच टाकून भिंतीला चिकटली. पालीला न भिणारी बाई ह्या सगळ्या डोंगरात दुसरी नव्हती, आणि ही गोष्ट लोक नर्सच्या शिक्षणापेक्षा जास्त कौतुकानं सांगायचे.

"एक दिवस ती तुमच्या अंगावर उडंल, मग कळंल," मिस व्हाय म्हणाली.

"उडू दे. तिलाही तपासून सोडीन."

मिस व्हाय म्हणजे दवाखान्याची झाडलोट, चहा, रोग्यांचे कागद आणि गावाच्या बातम्या, सगळं एकाच बाईकडं. तोवर बाकांवर माणसं येऊन टेकली होती. गाणं आणि प्रार्थना झाल्याशिवाय इथं कुणाची नाडी हातात घेत नाहीत. आज प्रार्थना म्हणायला ब्रदर ईझी उभा राहिला. चर्चचा जुना सेवक, कोनफळाची शेती करणारा, सत्तरीच्या पुढचा, आवाज अजून ढोलासारखा.

"देवा," तो म्हणाला, "आमचं डॉक्टर फ्रेटर तुझ्याकडं आल्यात. त्यांचं गुडघं दुखत्यात, त्यांना दाराजवळची खुर्ची दे. क्रिकेट लागलं आसंल तर त्यांच्याशी बोलू नको. आन् आमच्याकडं जी बाई उरलीया, तिच्या हाताला यश दे. आमेन."

सगळे आमेन म्हणाले. दोघीतिघींनी डोळे पुसले. डॉक्टर फ्रेटर गेल्या आठवड्यात गेले होते, खुर्चीत बसल्या बसल्या, रेडिओवर सामना चालू असताना. रविवारी त्यांना पुरायचं होतं, आणि त्याआधीच्या रात्रीच्या जागराच्या जेवणासाठी गावात आतापासून बकरे हेरून ठेवले होते.

लोक गाण्याची चोपडी मिटत होते तेवढ्यात मिस व्हायनं नर्सला आत खुणावलं. टेबलाच्या खणातून तिनं चिठ्ठ्यांचं पॅड काढलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं, जसा प्रसादच.

"चांगलं जाडजूड हाय," ती हळूच म्हणाली. "नवा डॉक्टर येईस्तवर पुरंल."

पॅडातल्या प्रत्येक कोऱ्या चिठ्ठीच्या तळाला डॉक्टर ऑस्मंड फ्रेटर यांची सही होती. वरचा भाग रिकामा.

असं होतं, की औषधाची चिठ्ठी डॉक्टरच्या सहीशिवाय दुकानात चालत नाही, आणि बिटरवुडला डॉक्टर फक्त गुरुवारचा. त्यातही रस्ता ढासळला की तो गुरुवार पुढच्या गुरुवारात मिसळायचा. मग फ्रेटर आले की रामफळाचा रस पीत पीत अख्ख्या पॅडावर सह्या करून ठेवायचे. "डेलोरीन, माझं नाव खाली, तुझी अक्कल वर," असं म्हणायचे आणि दुपारच्या आत डोंगर उतरायचे. माणूस प्रेमळ होता. आठवडाभर रोग्यांना डेलोरीन तपासायची, रोग ती ओळखायची, औषध ती ठरवायची, आणि दुकानात ते फ्रेटरांच्या नावानं निघायचं. वर्षानुवर्षं हे असंच. ह्या डोंगरातच नाही, शेजारच्या डोंगरातही असंच.

डेलोरीन इथलीच. बाप कॉफीच्या मळ्यावर, आई मिस अल्थिया (इथं लग्न झालेल्या बाईलाही मानानं मिसच म्हणतात) शिवणकाम करणारी. राजधानीत जाऊन नर्स झाली, सुईणीचं शिकली, इस्पितळातल्या वॉर्डांत जवानी घालवली, आणि मग पस्तिशीत पुन्हा वह्या-पुस्तकं घेऊन विद्यापीठात गेली. नर्स प्रॅक्टिशनर व्हायला. रोग्याला डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं, निदान करायचं, उपचार लिहायचा, आणि कुठल्या रोग्याला आपण हात लावायचा नाही तेही शिकायचं. परीक्षा घ्यायला समोर डॉक्टरच बसलेले. ती पास होऊन आली तेव्हा आईनं विचारलं होतं, "मग आता तू डॉक्टर झालीस?"

"नाही, मम्मा."

"मग नर्सच राहिलीस."

"नर्सच. पण पुढची."

"पुढची म्हंजी किती पुढची? रविवारी मला चर्चमध्ये सांगायचं हाय. लोकांना अर्धवट सांगितलेलं चालत न्हाई."

शेवटी मिस अल्थियानं आपल्या मनानंच चर्चमध्ये उभं राहून जाहीर केलं, की माझी डेलोरीन नर्सच्या पलीकडची आणि डॉक्टरच्या अलीकडची झालीया. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या पदाची ह्याहून नेमकी व्याख्या सरकारला नंतर कधीच जमली नाही. सरकारच्या लेखी ती तेव्हाही स्टाफ नर्स होती आणि आजही स्टाफ नर्सच. दाराच्या पाटीवर नुसतं 'नर्स'. कायदा बदलणार, असं ती शिकत होती तेव्हापासून ऐकत होती. तिच्याबरोबर शिकलेल्यांना नातवंडं झाली, कायदा अजून गाडीतही बसला नव्हता. बरोबरीची मर्ना कॅनडात गेली. तिथून तिचा फोन यायचा, "अगं ये निघून. इथं मी माझ्या नावानं चिठ्ठ्या लिहिते."

"तिथं माझं नाव चालतं म्हणून इथलं पुसून टाकू काय?" डेलोरीन विचारायची.

फोन ठेवून ती पुन्हा फ्रेटरांच्या सहीवर औषध लिहायला बसायची.

त्या सकाळी पहिला नंबर ब्रदर ईझीचा लागला. तिनं पट्टा बांधला, हवा भरली, कान लावला. पुन्हा भरली. दाब चढलेला होता, आणि पायमोजे उतरवून बघितले तर दोन्ही घोटे पावासारखे फुगलेले.

"गोळी घेताय?"

"घेतो की."

"ब्रदर ईझी, माझ्याकडं बघून सांगा."

ईझीनं कॅलेंडरकडं बघितलं. "पाय सुजायला लागलं म्हून चार दिस झालं सोडली. रानकारल्याचा पाला उकळून पितोय. कडू हाय म्हंजी काम करत आसंल."

"कडूपणावर दाब उतरत असता तर तुमच्या बायकोनं तो कधीच उतरवला असता."

ईझी हसला, पण हसताना त्यानं कपाळ दाबून धरलेलं तिनं बघितलं. गोळीनंच घोटे सुजले होते. ती गोळी कायमची बंद करून दुसऱ्या जातीची सुरू करायला हवी होती, आणि ती आजच. जुनीच चिठ्ठी पुन्हा दाखवून भागणार नव्हतं. ईझीचा थोरला भाऊ असल्याच दाबानं कोनफळाच्या वाफ्यात कोसळला होता आणि नंतर दोन वर्षं त्याला चमच्यानं भरवावं लागलं होतं. ते भरवणारा ईझीच.

तिनं पॅड ओढलं. पेन टेकवलं. खालच्या सहीतलं 'फ्रेटर'चं शेपूट नेहमीसारखं ऐटीत वर गेलं होतं.

ईझीनं मान लांब करून बघितलं. "ही त्यांची सही?"

"हो."

"डॉक्टर तर शवागारात हायेत." त्यानं मान मागं घेतली. "नर्स, म्हंजी आता डप्पी मला औषध देणार? भुताच्या हातचं औषध रातचंच घ्यायचं आसतंय का दिवसा चालंल?"

दारातून मिस व्हाय खुदकन हसली. बाहेरच्या बाकावरची मिस आयनेझ, जिचे कान भिंतीला असायचे, तिनं लगेच पुढं सांगितलं, "भुताची चिठ्ठी काढत्यात आत." बाक हसून हलला. पण डेलोरीन हसली नाही. पेन तसंच टेकलेलं होतं आणि शाईचा एक ठिपका कागदावर पसरत चालला होता. तिच्या मनात आलं, की मेलेला माणूस लिहितोय हे चालतंय, आणि समोर जिवंत बसलेली बाई लिहितेय हे चालत नाही. आणि आपण हे इतकी वर्षं चालवलं.

तिनं पॅड बाजूला सारलं. दवाखान्याचा साधा कागद घेतला. ईझीचं नाव, वय, गोळीचं नाव, किती, कधी. आणि खाली आपलं नाव लिहिलं. डेलोरीन अगाथा पिनॉक, नर्स प्रॅक्टिशनर. सही केली. इतक्या वर्षांत चिठ्ठीवर ती सही पहिल्यांदाच उमटत होती, जरा लाजल्यासारखी तिरकी आली.

"दुकानात ओगिल्व्ही हे घ्यायचा न्हाई," मिस व्हाय म्हणाली. आता ती हसत नव्हती.

"घेऊन तर जाऊ दे."

ईझी वळणावरच्या टॅक्सीनं खाली पेनीक्रॉसच्या औषधाच्या दुकानात गेला. डेलोरीननं एका पोराचा फुटलेला कान साफ केला, एका पोटुशीचं पोट मोजलं. तेवढ्यात फोन वाजला. दुकानाचा मालक ट्रेव्हर ओगिल्व्ही. दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर शिकलेले.

"डेलोरीन, हा काय कागद पाठवलास?"

"चिठ्ठी आहे. वाचता येत नाही का तुला आता?"

"वाचता येतंय म्हणूनच विचारतोय. फ्रेटरांचं पॅड नाही का तुझ्याकडं?"

"आहे."

"मग त्यावर लिही आणि दे पाठवून. नव्या वर्षापर्यंत कोण विचारतंय?"

"ट्रेव्हर, ते वारलेत."

"मला माहीत नाही? रविवारी खांदा द्यायचाय मला. माणूस वारला गं, सही नाही वारली. कागदोपत्री अजून जिवंत आहे ती."

"आणि मी?"

पलीकडं ओगिल्व्हीनं सुस्कारा टाकला. "तू आहेस जिवंत. तुझी सही जन्मलीच नाही अजून. माझं दुकान बंद पाडतील, बाई. म्हातारा इथं काउंटरला टेकून उभा आहे, मला बघवत नाही. पॅडावर लिहून दे."

"त्याला खुर्ची दे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

थोडा वेळ ती पॅडाकडं बघत बसली. मोह नव्हता असं नाही. एक चिठ्ठी, फक्त ईझीची, मग बघू. पण ही 'मग बघू' तिला चांगली ओळखीची होती, तिच्याबरोबरच ती म्हातारी होत आली होती. डेलोरीन उठली, पॅड काखेत मारलं, मागच्या अंगणात कचरा जाळायच्या पिंपापाशी गेली आणि पानं टरकावून एकेक आत टाकायला लागली. काडी ओढली. नाताळवाऱ्यानं आयती फुंकर घातली.

मिस व्हाय धावत आली. तिनं डोक्याला हात लावला. "नर्स, आवं काय केलंत. आता काय दावायचं दुकानात?"

"आता दाखवायला काहीच नाही. तेच बरं आहे."

फोन पुन्हा वाजला. ह्या खेपेला जिल्ह्याच्या मुख्य डॉक्टर मिसेस टेल्फर. ओगिल्व्हीनं त्यांना कळवलं होतं. त्यालाही कळवणं भाग होतं. डॉक्टर टेल्फरांचा आवाज शांत होता, इस्त्री केल्यासारखा.

"नर्स पिनॉक, तुम्ही स्वतःच्या नावानं चिठ्ठी लिहिलीत हे खरं आहे?"

"हो, डॉक्टर."

"कोणत्या अधिकारानं?"

"शिक्षणाच्या."

"शिक्षणाबद्दल कुणाला शंका नाही. पण आमच्या नोंदीत तुम्ही स्टाफ नर्स आहात. ते दुसरं पद कायद्यात नाही. नवा डॉक्टर मिळेपर्यंत कृपा करून स्टाफ नर्सनं जे करायचं असतं तेवढंच करा."

"तेवढंच?"

"तेवढंच."

"ठीक आहे, डॉक्टर," डेलोरीन म्हणाली, इतक्या गोड आवाजात की मिस व्हायला धडकी भरली. हा आवाज तिनं आतापर्यंत एकदाच ऐकला होता, आणि त्या दिवशी औषधांची गाडी उशिरा आणणाऱ्या ड्रायव्हरनं नोकरी सोडली होती.

डेलोरीन व्हरांड्यात आली. "मंडळी," ती म्हणाली, "आतापासून मी स्टाफ नर्स आहे. वरून हुकूम आलाय. मी वजन करीन, ताप बघीन, जखम बांधीन. बाकी तुम्हाला डॉक्टरनं तपासायचं. डॉक्टर पेनीक्रॉसला बसतात. चला."

"चला म्हंजी?" मिस आयनेझ म्हणाली.

"म्हणजे उठा. मिस व्हाय, नवऱ्याला सांग चर्चची बस काढायला."

मिस व्हायचा नवरा चर्चची बस चालवायचा, आणि बायको एखाद्या कामाला हो म्हणाली की त्याला निराळं हो म्हणावं लागत नसे. तासाभरात बस निघाली. छत्र्या, झोळ्या, एक कोंबडी, पोटुशी, तान्ही पोरं, कुबड्या, आणि पुढच्या सीटवर पांढऱ्या गणवेशात ताठ बसलेली डेलोरीन. वळणावळणावर कुणीतरी विचारायचं, "कुणाचा अंत्यविधी?" आणि मिस आयनेझ खिडकीतून ओरडून सांगायची, "नर्सच्या नोकरीचा." डेलोरीनला ते ऐकू येत होतं. ते तितकं खोटंही नव्हतं. नर्सिंग परिषदेनं तिची नोंदणी काढून घेतली तर ह्या वयात ती कुणाच्या घरी म्हातारी माणसं सांभाळायला जाणार होती, एवढंच तिला ठरवता येत नव्हतं.

जिल्हा कार्यालयाचा व्हरांडा अरुंद होता. बस रिकामी झाली तेव्हा तो भरला, पायऱ्या भरल्या, उरलेले बदामाच्या झाडाखाली बसले. ईझीलाही दुकानातून आणून त्यांच्यात बसवलं. कोंबडी कारकुनाच्या टेबलाखाली गेली. डॉक्टर टेल्फर बाहेर आल्या. चाळिशीच्या असतील, डोळ्यांखाली काळं, हातात अर्धं खाल्लेलं सँडविच.

"हे काय आहे, नर्स पिनॉक?"

"बिटरवुडचे रोगी, डॉक्टर. ह्यांना डॉक्टरनंच तपासायचं असं तुम्ही म्हणालात. घेऊन आले."

"मला बैठक आहे."

"मग बसतील. त्यांना सवय आहे."

डॉक्टर टेल्फरांनी सँडविच कागदात गुंडाळलं आणि एकेकाला आत बोलवायला सुरुवात केली. बाई कामचुकार नव्हती. पण कामाला वेग येईना. आतले आवाज खिडकीतून बाहेर ऐकू यायचे.

"काय होतंय तुम्हाला?"

"ते नर्सला ठावं."

"तुम्ही सांगा ना."

"मी सांगितलं आन् नर्सनं ऐकलं, दोन वर्सं झाली. आता परत पहिल्यापासनं सांगू? तुमी जेवलाय का, डॉक्टर?"

पाच-सहा रोगी झाले तेव्हा डॉक्टर टेल्फर दारात आल्या. "उरलेल्यांचं तुम्ही बघाल का?"

"मी स्टाफ नर्स आहे, डॉक्टर. वजनं करून देते हवी तर."

कारकून टेबलाखाली कोंबडी शोधायला वाकला आणि बराच वेळ तिथंच राहिला.

"आत या," डॉक्टर टेल्फर म्हणाल्या.

डेलोरीन आत गेली पण बसली नाही. "एक गोष्ट आधी," ती म्हणाली. "ह्या सगळ्यांत मिस आयनेझ खरोखर तुमची आहे. बडबडीवर जाऊ नका. गळ्याखाली गाठ आहे, दगडासारखी, हलत नाही. वजन उतरलंय. तिला मी आज तुमच्याकडं पाठवणारच होते. ती माझ्या हद्दीतली नाही. बाकीचे आहेत."

डॉक्टर टेल्फरांनी तिच्याकडं बघितलं. मिस आयनेझला बोलावलं, गळा चाचपला, खांद्यावरची हाडं चाचपली, चार प्रश्न असे विचारले की आयनेझची जीभ पहिल्यांदाच लहान झाली, आणि तिथल्या तिथं राजधानीतल्या सर्जनला फोन लावून सोमवारची वेळ घेतली. डेलोरीननं हे सगळं उभ्यानं बघितलं आणि मनात म्हटलं, बाईला काम येतं. ते बघून तिला बरं वाटलं, आणि भांडण आणखी अवघडही वाटलं.

आयनेझ बाहेर गेल्यावर डॉक्टर टेल्फर म्हणाल्या, "फ्रेटरांचं ते पॅड कुठं आहे?"

"जाळलं."

"कुणी सांगितलं जाळायला?"

"ज्यांनी ते वापरायला सांगितलं होतं, त्यांनीच. म्हणजे कागदोपत्री कुणीच नाही."

डॉक्टर टेल्फर खुर्चीत मागं टेकल्या. "हे बघा, जिल्हाभर असंच चालतं. मला माहीत आहे, तुम्हालाही आहे. दर आठवड्याला ड्रायव्हरबरोबर मी सह्या करून पॅड पाठवीन. तुम्ही तुमचं काम करा. कुणाचं अडणार नाही."

"माझं अडतं," डेलोरीन म्हणाली. आता तिचा इस्पितळी आवाज सुटला आणि डोंगरातला वर आला. "डॉक्टर, इतकी वर्सं मी बरोबर लिहिलं तरी नाव त्यांचं, चुकीचं लिहिलं तरी नाव त्यांचं. माजी चूकसुदिक माज्या नावावर न्हाई. माणूस म्हणून मला माज्या चुका तरी द्या. माजं काम कुठं संपतं ते मला ठावं हाय, आत्ता दाखवलं तुमाला. ते सुरू कुठं होतं, तेवढं कुणीतरी लिवा."

"मी कायदा नाही, नर्स पिनॉक."

"न्हाई. पन सही तुमची हाय."

बाहेर एक तान्हं रडायला लागलं. डॉक्टर टेल्फर म्हणाल्या, "मला अहवाल पाठवावाच लागेल. परिषद नोंदणी काढून घेऊ शकते. त्यात मी काही करू शकणार नाही."

"पाठवा. पण त्यात स्टाफ नर्सनं चिठ्ठी लिहिली असं लिहू नका. ते खोटं होईल. नर्स प्रॅक्टिशनरनं लिहिली असं लिहा. काढून घेताना काय काढून घेतलं ते तरी त्यांना मोठ्यानं वाचावं लागेल."

डॉक्टर टेल्फरांनी ईझीला आत बोलावलं. दाब मोजला, घोटे दाबून बघितले, छाती ऐकली. डेलोरीनचा कागद समोर होता, ओगिल्व्हीच्या काउंटरवरून परत आलेला, एका कोपऱ्याला कॉफीचा डाग.

"गोळी बदलणं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण ह्यांचं वय आणि हा अशक्तपणा बघता मी अर्ध्या गोळीनं सुरुवात करीन. पूर्ण दिली तर सकाळी उठताना चक्कर येऊन पडतील."

डेलोरीननं ईझीकडं बघितलं. त्याच्या गळ्याभोवती सैल झालेली कॉलर, उठताना खुर्चीचा दांडा धरणारा हात. दुखवट्याच्या आठवड्यात तो धड जेवलाही नव्हता. सकाळी तिनं घोटे बघितले, डोकं बघितलं, कॉलर बघितली नव्हती.

"बरोबर," ती म्हणाली. "अर्धीच हवी. ही माझी चूक." तिनं पेन घेतलं, 'एक' खोडून 'अर्धी' लिहिलं आणि खोडल्याजागी आपली छोटी सही केली. "माझ्याच नावावर राहू दे."

ईझी एकदा ह्या बाईकडं, एकदा त्या बाईकडं बघत होता. "म्हंजी डप्पी गेला न्हवं?" त्यानं विचारलं. "कारण दोन जित्या बायका भांडून औषध द्यायला लागल्या, म्हंजी माजं बरंच दिस राहिल्यात."

डॉक्टर टेल्फर पहिल्यांदाच हसल्या. मग त्यांनी कागद पुढं ओढला, डेलोरीनच्या नावाखाली, तिच्या पदाखाली, ते न खोडता, आपली सही केली आणि तारीख घातली.

"हे फक्त आजचं," त्या म्हणाल्या. "गुरुवारी मी स्वतः वर येईन, सकाळीच. तुम्ही लिहायचं, तुमच्या नावानं. मी खाली सही करीन, रोगी समोर बसलेला असताना. परिषदेचं उत्तर येईपर्यंत. आणि अहवाल आजच जाईल."

"आणि मधल्या दिवसांत?"

"फोन करा. मी गाडी काढीन."

"आणि गाडी आली नाही तर मी लिहीन, एकटीच. ते आत्ताच सांगून ठेवते."

"मी ते ऐकलं नाही," डॉक्टर टेल्फर म्हणाल्या.

"म्हणूनच मोठ्यानं बोलले," डेलोरीन म्हणाली, आणि बाहेर येऊन उरलेल्यांना एकेक करून आत घ्यायला लागली. आता तीही टेबलाच्या ह्या बाजूला, डॉक्टरशेजारी बसली आणि काम भराभर उरकलं.

परतीच्या वाटेवर दुकानात ओगिल्व्हीनं चिठ्ठी चष्म्याखालून वाचली, मग चष्म्यावरून. "दोघी जिवंत आहेत ना?" त्यानं विचारलं.

"संध्याकाळपर्यंत तरी," डेलोरीन म्हणाली.

"मग चालेल." त्यानं गोळ्या दिल्या, अर्धी कशी मोडायची ते ईझीला दाखवलं, आणि डेलोरीनशी बोलताना नजर काउंटरवरच ठेवली. तिनंही त्याला ताणलं नाही. दुकान त्याचं होतं, पोरं त्याची होती.

बस डोंगर चढून आली तेव्हा दुपार कलली होती. मिस आयनेझ एरवी रस्ताभर बोलायची, आज ती सोमवारचा कागद मांडीवर सरळ करत बसली होती. दवाखान्याशी उतरताना डेलोरीननं तिचा हात धरला आणि सांगितलं, "सोमवारी मी येते बरोबर." आयनेझनं मान डोलावली.

व्हरांडा रिकामा झाला. धुकं पुन्हा दरीतून वर येऊ लागलं. मिस व्हायनं चहा ठेवला आणि दारात उभी राहून विचारलं, "नोकरी जाईल का, नर्स?"

"जाईल कदाचित."

"आन् मग?"

"मग परिषदेसमोर जाऊन उभी राहीन. बस तुझ्याच नवऱ्याची लागेल. त्याला सांगून ठेव, ह्या खेपेला कोंबडी नको." डेलोरीननं कपाटातून गॉझचा ताका काढला, टेबलावर उलगडला. उद्या जखमा बांधायचा दिवस, आणि निर्जंतुक करायचा डबा अर्धा रिकामा होता. "कात्री कुठं ठेवलीस?"

मिस व्हायनं कात्री दिली आणि समोर बसली. एकीनं कापायचं, दुसरीनं घडी घालायची. डेलोरीननं ताक्याची कड बोटानं सरळ केली आणि पहिला चौकोन कापला.